नाव सोनुबाई, हाती काय?



गटाच्या बैठकीत कर्जाच्या मागण्या वाचल्या जातात, तेव्हा शेळी, शिलाई मशीन, मुलांची फी यांच्या जोडीला हल्ली आणखी एक कारण हळूच पुढे येतं. मोबाइल. नाहीतर टीव्ही. आणि मग चर्चा रंगते. एक जण म्हणते, घ्यायचाच तर चांगल्या कंपनीचा घ्या, पैसे जास्त जातील पण दहा वर्षं बघायला नको. दुसरी म्हणते, नावाचे पैसे कशाला मोजायचे, आत सगळं एकच असतं. दोघी ठामपणे बोलतात आणि दोघींकडे आपापल्या घरचा पुरावा असतो.

हा वाद आजचा नाही. घरात पहिला रेडिओ आला तेव्हापासून तो चालू आहे, आणि त्याला चांगला शंभर वर्षांचा इतिहास आहे. आज तोच सांगणार आहे. माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्हाला ऐकताना पारखता येईल. दोघीही अर्ध्या बरोबर आहेत. वस्तू किती टिकेल हे किमतीच्या चिठ्ठीवर ठरत नाही. ती कारखान्यात कशी तयार झाली आणि बिघडल्यावर तिच्याकडे कोण बघणार, यावर ते ठरतं. कधीकधी जास्त किंमत मोजून या दोन गोष्टी मिळतात. कधी नुसतं नाव मिळतं.

सुरुवात व्हॉल्व्हच्या रेडिओपासून करू. तुमच्यातल्या आजीबाईंना आठवत असेल. मोठी लाकडी पेटी, पुढे कापडाची जाळी, वर क्रोशाचा रुमाल. बटण फिरवलं की लगेच आवाज येत नसे. आत काचेच्या नळ्या असत, त्यांना व्हॉल्व्ह म्हणत. जुन्या पिवळ्या बल्बमध्ये असते तशी तार त्यांच्यात असे. ती तापली की मग कुठे खरखर सुरू व्हायची. आणि बल्बसारखीच ती तार एक दिवस जळायची. रेडिओ कितीही भारी असो, व्हॉल्व्ह कधीतरी जाणार हे ठरलेलंच होतं. मग नावाजलेल्या कंपनीचा रेडिओ घेऊन फायदा काय? फायदा हा, की त्याचा व्हॉल्व्ह शहरातल्या दुकानात मिळायचा आणि तो बदलून देणारा माणूस असायचा. पेटी मागून उघडायची, जळलेला व्हॉल्व्ह उपसायचा, नवा खोचायचा. जास्त किमतीत त्या काळी खरी मिळत होती ती दुरुस्तीची सोय.

आपल्याकडे गाजलेलं नाव म्हणजे मर्फी. ओठावर बोट ठेवलेल्या गुटगुटीत बाळाचं कॅलेंडर ज्या घरी रेडिओ नव्हता त्या घरीही भिंतीवर असायचं. ही मूळची इंग्लंडची कंपनी. फ्रँक मर्फी आणि ई. जे. पॉवर या दोघांनी १९२९ साली काढलेली. भारतात तिचे रेडिओ आपल्या ठाण्यात तयार होत. (इस्त्रीवर दिसतं ते मॉर्फी रिचर्ड्स हे नाव वेगळं, त्या कंपनीचा या मर्फीशी काही संबंध नाही. पण दुकानात 'मर्फीची इस्त्री द्या' म्हणणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. नाव असं कानात बसतं.) त्या काळी रेडिओ घेतला की काम संपत नसे. पोस्टात जाऊन लायसन्स काढावं लागे, दरवर्षी त्याची फी भरावी लागे.

या नावाचा एक हिशेब मात्र कंपन्यांच्या इतिहासात कुठे लिहिलेला नाही. तो आपल्याकडे आहे. साठ-सत्तरच्या दशकांत लग्नाच्या बोलणीत तीन वस्तू हमखास निघायच्या: सायकल, घड्याळ आणि रेडिओ. हुंडा घ्यायला बंदी करणारा कायदा १९६१ साली झाला, तरी निघायच्याच. आणि नुसता रेडिओ चालत नसे. कुठल्या कंपनीचा, हे आधी विचारलं जाई. साधा रेडिओ दिला तर पोरीला सासरी ऐकून घ्यावं लागे. तो रेडिओ बापानं बैल विकून आणला की सावकाराकडून काढून, हे कुणी विचारत नव्हतं. वस्तूची किंमत आणि तिचं नाव यांत किती अंतर असतं हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक असणार? म्हणून आज जाहिरातीत 'प्रीमियम' असा शब्द ऐकला की मला आधी ती लग्नाची बैठक डोळ्यापुढे येते.

आता गोष्ट वळते ट्रान्झिस्टरकडे. १९४७ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत एक छोटासा तुकडा तयार झाला. व्हॉल्व्हचं काम करणारा, पण ना काच, ना तापणारी तार. जळण्यासारखी तारच नाही म्हटल्यावर तो जास्त टिकणार हे उघड होतं. शिवाय त्याला वीज इतकी थोडी लागे की रेडिओ साध्या सेलवर चालू लागला. जिथे खांबावर तारा पोचल्या नव्हत्या तिथे गाणी आणि बातम्या पोचल्या त्या यामुळे. म्हणून तर आपल्याकडे त्या रेडिओचं नावच 'ट्रान्झिस्टर' पडलं. १९५४ साली अमेरिकेत असा पहिला खिशातला रेडिओ विकायला आला, रीजन्सी नावाचा, सुमारे ५० डॉलरला. महाग होता, आणि आवाजही काही फार चांगला नव्हता. लोकांनी पैसे मोजले ते नवलाईचे.

तिकडे जपानमध्ये मासारू इबुका आणि अकिओ मोरिता या दोघांनी १९४६ साली, युद्धात बेचिराख झालेल्या टोकियोत, एक लहानशी कंपनी काढली होती. त्यांनी १९५५ मध्ये आपला पहिला ट्रान्झिस्टर रेडिओ विकायला काढला. पण त्याआधीची गोष्ट ऐका. ट्रान्झिस्टर बनवायला लागले तेव्हा शंभर केले की जेमतेम पाच चांगले निघत. पंच्याण्णव वाया! आपल्या गटानं शंभर पापड लाटले आणि पंच्याण्णव फेकावे लागले, तर दुसऱ्या दिवशी कुणी लाटणं हातात धरील का? ते मात्र कुठे चुकतंय हे शोधत राहिले. हळूहळू चांगले निघणारे वाढले.

आणि हे काम करत कोण होतं? मुली. शाळा संपवून खेड्यापाड्यांतून आलेल्या, पंधरा-सोळा वर्षांच्या, कारखान्याच्या वसतिगृहात राहणाऱ्या. केसाइतक्या बारीक तारा, मायक्रोस्कोपमधून बघत, डोळ्यात तेल घालून जोडायच्या. जपानमध्ये त्यांना 'ट्रान्झिस्टर गर्ल' म्हणत. मोरिता आणि इबुका यांची नावं जगाला माहीत आहेत. या मुलींची नावं कुठल्या रेडिओवर नव्हती. तरी रेडिओ टिकला तो त्यांच्या हातांमुळे.

नावाचीच एक गंमत. १९५५ मध्ये मोरिता अमेरिकेत रेडिओ घेऊन फिरत होते. बुलोव्हा या घड्याळाच्या मोठ्या कंपनीनं एक लाख रेडिओंची मागणी द्यायची तयारी दाखवली. अट एकच, रेडिओवर नाव बुलोव्हाचं टाकायचं. लहान कंपनीला एवढी मोठी मागणी म्हणजे लॉटरीच. मोरितांनी नकार दिला. आपला माल आपल्याच नावानं विकायचा म्हणाले. ते नाव होतं सोनी. पुढे १९५८ साली कंपनीचंही नाव तेच झालं. त्या वेळी अमेरिकेत जपानी माल म्हणजे स्वस्त, तकलादू खेळणी, असा समज होता. इतका, की 'जपानमध्ये बनवलेले' ही अक्षरं सोनीवाले जमेल तितकी बारीक छापत. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा म्हणतात ना, इथे प्रकार उलटा होता. हातात सोनं होतं आणि नावाला कुणी विचारत नव्हतं.

मग जपानी मालाची पत फिरली कशी? इथे गोष्टीचा गाभा आहे, म्हणून जरा थांबते.

१९५० सालच्या उन्हाळ्यात विल्यम एडवर्ड्स डेमिंग नावाचे अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ जपानमध्ये आले. त्यांनी तिथल्या इंजिनिअरांना आणि कंपन्यांच्या मालकांना व्याख्यानं दिली. १९५४ मध्ये जोसेफ जुरान आले. दोघांचं सांगणं थोडक्यात असं: माल तयार झाल्यावर शेवटी तपासून खराब तेवढा बाजूला काढायचा, हा चांगुलपणाचा रस्ता नव्हे. खराब का होतोय ते ज्या पायरीवर बिघडतं तिथेच शोधा आणि ती पायरी सुधारा. पापड तळल्यावर लाल पडतो, तर तळणीत उभं राहून लाल पापड निवडत बसायचं की पीठ, खार आणि वाळवण यांत कुठे बिघडतंय ते बघायचं? आपल्याला हे कुणी शिकवावं लागत नाही. मोठमोठ्या कारखान्यांना शिकवावं लागलं. डेमिंग आणि जुरान दोघेही अमेरिकेचे, पण त्यांचं मनापासून ऐकलं जपाननं.

पापडाचा दाखला मी उगाच दिला नाही. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. तेच आजचं लिज्जत. सुरुवातीला त्या दोन प्रतींचे पापड करत: एक चांगला आणि एक जरा हलका, स्वस्तात विकायला. त्यांचे मार्गदर्शक छगनबाप्पा पारेख यांनी सांगितलं, एकच प्रत करा, आणि तिच्यात कधी तडजोड करू नका. त्या बायकांनी ऐकलं. म्हणून आज कुठल्याही गावात लिज्जतचा पुडा घेताना आपण 'चांगला द्या' असं सांगत नाही. तिथे एकच प्रत आहे. आणि तो काही श्रीमंतांचा पापड नाही.

आता अमेरिकेतला एक टीव्हीचा कारखाना बघू. शिकागोजवळ फ्रँकलिन पार्क इथे मोटोरोला कंपनी 'क्वेझार' नावाचे टीव्ही बनवत असे. नाव मोठं होतं. जाहिरातीत सांगत, आमच्या टीव्हीचे भाग खणासारखे बाहेर ओढून बदलता येतात. ऐकायला छान. पण त्या कारखान्यात शंभर टीव्ही तयार झाले की त्यांत मिळून दीडशे ते एकशे ऐंशी दोष निघत. म्हणजे दर टीव्हीमागे एकापेक्षा जास्त! ते दुरुस्त करून मग गाडीत भरायचे. १९७४ मध्ये हा धंदा जपानच्या मात्सुशितानं विकत घेतला, आपण पॅनासॉनिक म्हणून ओळखतो तीच ही कंपनी. इमारत तीच राहिली, काम करणारे हात बहुतेक तेच राहिले. यंत्रं आणि मांडणी सुधारली, टीव्हीचा आराखडा सोपा केला, सुटे भाग देणाऱ्यांकडून चांगला माल मागितला, आणि दोष दिसला की तो त्याच पायरीवर शोधायचा असा नेम घातला. तीनेक वर्षांत शंभर टीव्हींमागचे दोष तीन-चारवर आले.

दीडशेवरून चारवर. टीव्हीवरचं नाव दोन्ही वेळा क्वेझारच होतं. दुकानात उभ्या असलेल्या बाईला हा फरक डब्यावरून कळणं शक्यच नव्हतं. आणि 'आपले कामगारच आळशी' असं म्हणणाऱ्यांचंही तोंड बंद झालं. कामगार तेच होते. बदलली ती कामाची रीत आणि वरच्या साहेबांची नजर.

चांगला माल करायला खर्च जास्त येतो, म्हणून तो महाग असणारच, असं आपण धरून चालतो. डेव्हिड गार्विन या हार्वर्डच्या प्राध्यापकांनी १९८३ मध्ये खोलीच्या एसीचे अमेरिकेतले आणि जपानमधले कारखाने तपासून एक अभ्यास छापला. सर्वांत चांगल्या आणि सर्वांत वाईट कारखान्यांच्या बिघाडांत पाचशे ते हजार पट फरक निघाला. आणि वॉरंटीचा खर्च? जपानी कंपन्यांचा शंभराच्या विक्रीमागे सरासरी साठ पैसे म्हणता येईल इतका, तर सर्वांत वाईट अमेरिकन कंपनीचा शंभराला पाचच्या वर. पहिल्यांदाच नीट केलेली वस्तू कारखान्यालाही स्वस्तच पडते. वाईट कामाचा खर्च मोठा, आणि तो शेवटी गिऱ्हाइकाच्या माथी येतो.

त्याही आधी, १९५० मध्ये, आल्फ्रेड ऑक्सनफेल्ड या अमेरिकन अर्थतज्ज्ञानं ग्राहक संस्थेनं तपासलेल्या कितीतरी वस्तू घेऊन किंमत आणि दर्जा यांची गाठ कितपत आहे ते मोजलं. गाठ निघाली, पण सैल. काही वस्तूंमध्ये तर उलटी, म्हणजे महाग ती वाईट. पुढच्या अभ्यासकांनाही साधारण असंच दिसत गेलं.

मग जास्त पैसे देणं नेहमीच वेडेपणा का? मुळीच नाही. त्याचाही दाखला सोनीचाच आहे. १९६८ मध्ये त्यांनी ट्रिनिट्रॉन नावाचा रंगीत टीव्ही काढला. त्या वेळच्या रंगीत टीव्हीत पडद्यामागे भोकाभोकांचा पत्रा असे, त्यात बराच उजेड अडायचा. सोनीनं भोकांऐवजी बारीक उभ्या फटी ठेवल्या. उजेड जास्त आला, चित्र झळझळीत दिसू लागलं. दुसऱ्या कुणाकडे हे नव्हतं. इतरांपेक्षा किंमत जास्त होती, पण त्या किमतीत डोळ्याला दिसणारं काहीतरी मिळत होतं. पंचवीसेक वर्षं तसंच चाललं. मग पेटंटची मुदत संपली, दुसऱ्यांनीही तसेच टीव्ही काढले.

त्यानंतर सपाट पडद्याचा काळ आला आणि गोष्ट पार बदलली. सपाट टीव्हीत सर्वांत महागाची वस्तू म्हणजे त्याचा पडदा. तो बनवायला प्रचंड मोठा कारखाना लागतो. सोनीनं २००४ मध्ये कोरियाच्या सॅमसंगबरोबर भागीदारीत असा कारखाना काढला. म्हणजे दुकानात एकमेकांकडे पाठ करून उभ्या असलेल्या दोन मोठ्या नावांचे पडदे एकाच छपराखाली तयार होत होते. आतली चित्र सुधारणारी चिप वेगळी, आवाज वेगळा, डबा वेगळा. 'आत सगळं एकच असतं' म्हणणारी मैत्रीण इथे बरीचशी बरोबर ठरते. पूर्ण नाही, बरीचशी.

आणि नावांचं काय झालं ते ऐका. इंग्लंडची मर्फी १९६२ मध्ये रँक नावाच्या कंपनीनं घेतली आणि तिला बुश या दुसऱ्या रेडिओ कंपनीबरोबर जुंपलं. अमेरिकेची झेनिथ, जिचे टीव्ही हातानं तारा जोडलेले म्हणून मानानं विकले जात, ती १९९५ मध्ये कोरियाच्या एलजीच्या हाती गेली. फिलिप्स आणि तोशिबा या नावांचे टीव्ही आता त्या मूळ कंपन्या बनवत नाहीत. आपल्याकडे थॉमसन, ब्लाउपुंक्ट आणि कोडॅक अशी परदेशी नावं असलेले टीव्ही मिळतात. ते बनवते एक भारतीय कंपनी, सुपर प्लास्ट्रॉनिक्स. कोडॅक तर फोटोच्या फिल्मवाली! हे टीव्ही वाईट असतात असं मी म्हणत नाही. यात फसवणूकही नाही, नाव वापरायचा रीतसर करार असतो. पण 'जुनी कंपनी आहे, टिकेल' असं म्हणून घेणार असाल, तर ती जुनी कंपनी त्या डब्यात नाही, एवढं ध्यानात असू द्या. मोरितांनी जे नाव देऊन टाकायला नकार दिला होता, तशी नावं आज भाड्यानं मिळतात.

भारी किमतीनं सुरक्षितता तरी मिळते ना? २०१६ मध्ये सॅमसंगनं गॅलेक्सी नोट सेव्हन हा आपला सर्वांत वरच्या दर्जाचा मोबाइल काढला. भारतात त्याची किंमत ५९,९०० रुपये जाहीर झाली होती. इथे विक्री सुरू व्हायच्या आतच परदेशात त्याच्या बॅटऱ्या पेट घेऊ लागल्या. सप्टेंबरमध्ये सुमारे पंचवीस लाख फोन परत बोलावले. बदलून दिलेलेही पेटू लागले, तेव्हा ऑक्टोबरमध्ये तो फोनच बंद करून टाकला. विमानात तो वापरू नका, अशी सूचना भारतातही निघाली होती. पुढे तपासात कळलं की एका बॅटरीत कोपऱ्याला जागा कमी पडून आतले थर दबत होते, आणि दुसऱ्या कारखान्याच्या बॅटरीत जोडकामाचे टोकदार कण राहिले होते. म्हणजे परत तेच. डेमिंग १९५० मध्ये सांगून गेले तेच. पायरी चुकली, आणि किमतीनं ती झाकली गेली नाही.

मोबाइलचा विषय निघालाच आहे तर दोन गोष्टी सांगते. लाखाचा फोन घ्या नाहीतर आठ हजारांचा, बॅटरी दोन्हीतली एकाच जातीची असते आणि काही शे वेळा चार्ज झाली की ती उतरू लागते. पूर्वी मागचं झाकण नखानं उघडून बॅटरी बदलता येत असे. आता ती आत चिकटवलेली असते, आणि भारी फोनला ती बदलायचा खर्चही भारी. ही झाली महाग फोनच्या विरुद्ध जाणारी गोष्ट. दुसरी त्याच्या बाजूची आहे. फोनचं आयुष्य हल्ली कंपनीच्या अपडेटवर ठरतं. अपडेट बंद झाले की फोन चालू असतो, पण काही वर्षांनी बँकेचं, पैसे पाठवायचं ॲप त्यावर चालेनासं होतं. वरच्या किमतीच्या काही फोनना सॅमसंग आणि गूगल या कंपन्या आता सात वर्षं अपडेट द्यायचं वचन देतात. अगदी स्वस्त फोनना इतकी वर्षं मिळत नाहीत. गटाचे हिशेब आणि व्यवहार ज्या फोनवर चालतात, तो घेताना कॅमेऱ्यापेक्षा हे आधी विचारायला हवं. आणि अगदी तळच्या किमतीतून मधल्या किमतीत जाताना जे पैसे वाढतात, ते माझ्या मते बहुतेक वेळा सार्थकी लागतात. मधल्यातून वरच्या किमतीत जाताना जे वाढतात त्यांत मोठा भाग पडदा, कॅमेरा आणि नाव यांचा असतो. ती हौस आहे. हौस करू नये असं नाही, पण ती कर्जावर करावी का, हे गटानं ठरवावं.

शहरातल्या तपासणीत पहिला आलेला टीव्हीसुद्धा आपल्याकडच्या विजेचा विचार करून बनलेला असेलच असं नाही. व्होल्टेज एकदम चढलं, वीज कडाडली, की आतला बोर्ड जळताना नाव बघत नाही. चांगलं अर्थिंग, स्टॅबिलायझर आणि गडगडाट सुरू झाला की प्लग काढायची सवय, यांना खर्च थोडा आणि फायदा फार.

हे सगळं एकट्या बाईनं दुकानात उभं राहून कसं पारखायचं? आपल्या महाराष्ट्रात या प्रश्नाचं उत्तर बायकांनीच आधी शोधलं. १९६६ मध्ये मुंबईत नऊ गृहिणींनी एकत्र येऊन कन्झ्युमर गायडन्स सोसायटी काढली. वस्तू तपासून बघायच्या, लोकांना खरं काय ते सांगायचं, तक्रार धसास लावायची, असं काम. ग्राहक संरक्षण कायदा व्हायला अजून वीस वर्षं होती. तो झाला १९८६ मध्ये. १९७५ मध्ये सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीनं घरांचे गट करून एकत्र खरेदी करायची रीत घालून दिली. पंचवीस जणींनी मिळून माल मागितला की दुकानदाराचा आवाज बदलतो, हे आपल्याला बियाण्या-खताच्या खरेदीवरून माहीत आहे. मिक्सर आणि मोबाइललाही ते लागू आहे. गावात कुणाचा कुठला टीव्ही कधी घेतला, कधी बिघडला, दुरुस्तीला किती दिवस आणि किती पैसे लागले, याची एक वही गटानं ठेवली तर दोन वर्षांत ती कुठल्याही जाहिरातीपेक्षा कामाला येईल.

दुकानात गेलात तर एवढं विचारा: याचं सर्व्हिस सेंटर तालुक्याला आहे की जिल्ह्याला? कारागीर घरी येतो की वस्तू घेऊन आपण जायचं? बॅटरी, रिमोट, बोर्ड वेगळे मिळतात का आणि कितीला? वॉरंटी कशावर आहे, कशावर नाही? दुरुस्तीची आणि सुट्या भागांची माहिती कंपन्यांनी लोकांना द्यावी म्हणून केंद्र सरकारनं डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' नावाचं संकेतस्थळ सुरू केलं आहे. मुलीला फोनवर उघडून बघायला सांगा. पक्कं बिल मागून घ्या, दुकानाचा शिक्का वॉरंटीच्या कार्डावर तिथेच मारून घ्या, आणि दोन्हींचा फोटो काढून ठेवा, कारण बिलाची शाई काही महिन्यांत उडते. आणि दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे १९१५. फोन लावला की पैसे पडत नाहीत, आणि आपल्या मराठीतही तिथे बोलता येतं.